झाडांचं माहेरपण

लातुरात मी ज्या घरात भाड्याने राहायचे, त्या घराच्या अंगणात दर उन्हाळ्यात झाडं माहेरपणाला यायची. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने "म्हणजे?" असं विचारलं. पहिल्या वर्षी मीही तेच विचारलं होतं, आणि घरमालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी "पाणी म्हणजे काय?" असं विचारलंय.

त्यांना मी मावशी म्हणायचे. चौदा एप्रिलची जयंती पार पडली, पांढरी साडी धुऊन कपाटात गेली, खिरीचं मोठं पातेलं माळ्यावर चढलं, की एक-दोन दिवसांत मावशी सलीमभाईची ऑटो बोलवायच्या आणि गावभर निघायच्या. वर्षभर त्यांनी लोकांना रोपं वाटलेली असायची. कुणाला जास्वंद, कुणाला कढीपत्ता, कुणाला मोगरा. त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "न्यायला आले." माणूस नवीन असला तर गोंधळायचा, जुना असला तर मुकाट्याने कुंडी उचलून ऑटोत ठेवायचा. ऊन तापायच्या आत सगळ्यांना आईच्या घरी आणायचं, आणि मृग लागला की ज्याचं त्याला नेऊन पोचवायचं, असा त्यांचा नेम. लेकी उन्हाळ्यात माहेरी येतात, मग झाडांनीच कुणाचं घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल होता.

सलीमभाई या कामाला वैतागलेला असायचा, पण दरवर्षी यायचा. "मावशी, लोगां मेरेकू पूछ रहे, ऑटो है के नर्सरी है," तो म्हणायचा. मावशी मागे दोन कुंड्या मांडीवर आणि एक पायात घेऊन बसलेल्या असायच्या. त्या फक्त म्हणायच्या, "खड्डा चुकव."

मावशी टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या. एकाला दुसऱ्याशी जोडून द्यायचं, दोघं बोलायला लागले की आपण बाजूला व्हायचं, आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की लाईन तोडायची, हे त्यांनी उभी नोकरी केलं आणि नंतरही सोडलं नाही. बोलता बोलता मध्येच "तीन मिनिटं झाली" म्हणून उठून जायच्या. तीन मिनिटं कधीच झालेली नसायची. कधी अर्धा तास होऊन गेलेला असायचा, कधी मी नुसतं "मावशी" एवढंच म्हटलेलं असायचं. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात टेबल सांभाळणारी बाई. आमच्याकडे एक खुर्ची या खोलीतून त्या खोलीत न्यायची म्हटलं तरी कारण लिहावं लागतं. आणि माझी घरमालकीण मिळाली ती अशी, की कशाचंच कारण सांगायची नाही. त्यामुळे त्या घरात राहत होते तेवढा सगळा काळ मी थोडी गोंधळलेलीच होते, आणि खरं सांगायचं तर आजही पुरती सावरलेली नाही.

त्यांच्याकडचं रोप मागून मिळत नसे. तुम्ही मागितलंत की त्या "बघू" म्हणायच्या आणि चार-आठ दिवसांनी अचानक तुमच्या घरी हजर व्हायच्या. चहा घ्यायच्या. ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते बघायच्या. मग प्रश्न सुरू. दुपारी घरी कोण असतं? पाणी कोण भरतं? गावाला गेलात तर चावी कुणाकडं देता? घरात रागीट कोण हाय? आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी तुळस मागितली होती. त्यांच्या घरी लग्नाची मुलगी. मावशींचे प्रश्न ऐकून सगळ्यांना वाटलं, ह्या कुणाचं तरी स्थळ घेऊन आल्यात. आत पोहे टाकले गेले, मुलीला साडी नेसवली गेली, वडील बाहेर येऊन बसले. मावशींनी पोहे खाल्ले, मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पहाटं उठतीस का?" मुलगी लाजून हो म्हणाली. मावशींनी ऑटोतून तुळस आणून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिच्याकडं देते. बाकीच्यांनी हात लावायचा न्हाई." त्या बाई दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काय करणार? मला तरी कुठे ठाऊक होतं!

एकदा तर भांडणच झालं. एका घरी कढीपत्ता दिलेला, तो आणायला मावशी गेल्या. दारात वेगळीच माणसं. जुने भाडेकरू खोली सोडून गेलेले आणि झाड तिथेच राहिलेलं.

"आमचं झाड कामून न्यायलाव?" त्या घरातल्या बाईने विचारलं.

"माझं हाय. मी दिलेलं."

"आम्हाला कुठं दिलंय? आम्ही तर आत्ता ऱ्हायला आलो."

"मग तेच म्हणते की. झाड तुमच्या आधीपासून ऱ्हायलंय हितं. त्यानं तुम्हाला कधी इचारलं का, कामून आलाव म्हणून?"

बाई आत जाऊन नवऱ्याला घेऊन येईस्तोवर कढीपत्ता ऑटोत बसला होता. जूनमध्ये तो त्याच घरी परत गेला, आणि पुढे त्या बाई आणि मावशी पक्क्या मैत्रिणी झाल्या. हेही मला कळलं नाही.

अंगण तसं मोठं नव्हतं. एक पेरू, एक लिंबू, आणि बाकी सगळं कुंड्यांत. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, कूलरचा फुटका टब. पाहुणी झाडं आली की पाय ठेवायला जागा उरत नसे. जिन्याच्या कठड्यापासून पेरूच्या फांदीपर्यंत जुन्या सुती साड्या बांधून मावशी सावली करायच्या. बाजारात हिरवी जाळी मिळते, ती त्यांना चालायची नाही. तिच्याखाली सगळीच झाडं हिरवी दिसतात, आजारी कोण ते कळत नाही, असं त्या म्हणत. प्रत्येक कुंडीत मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा थर. पाणी सूर्य उगवायच्या आत, आणि तेही आधी मातीत बोट खुपसून बघून. आता लातुरात पाण्याची काय गंमत आहे ती सगळ्यांना माहीत आहे. नळ मनात आलं तर येतो. त्यामुळे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, सगळं झाडांचं. मी भाडेकरू असले तरी यातून सुटले नव्हते. रोज सकाळी मी डाळीच्या पाण्याची बादली घेऊन जिना उतरायचे. एकदा मी नुसताच ब्रेड खाऊन ऑफिसला निघाले, तर मावशींनी फाटकात अडवलं. "आज डाळ न्हाई केलीस?" मी नाही म्हटलं. "तब्येत बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. त्यांना काळजी माझी होती की पाण्याची, हे मी दिवसभर फायलींवर डोकं टेकून ठरवत बसले.

झाडांचे एवढे लाड करणारी बाई उन्हाळा लागता लागता मोगऱ्याची पानं ओरबाडून काढायची. अक्षरशः ओरबाडून. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरायच्या. आणि लिंबाला तर पाणीच द्यायची नाही. शेजारी जास्वंद गार सावलीत पाणी पितेय आणि लिंबाची पानं दुपारी गळाठून लोंबतायत, हे बघून मला राहवेना. मी म्हटलं, "मावशी, त्याला पण थोडं..."

"हात लावू नको. त्याला ताण दिलाय. तहान लागल्याशिवाय फूल धरत न्हाई ते."

"आणि जास्वंदीला?"

"तिला कामून ताण द्यायचा? तिचं काय चुकलं?"

म्हणजे लिंबाचं काही चुकलं होतं का? मी विचारणार, एवढ्यात तीन मिनिटं झाली.

माझ्या तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात सुजाता आली. सुजाता म्हणजे मावशींची लेक, नांदेडला दिलेली. एरवीही ती दर जयंतीला यायची, नवऱ्याबरोबर, आणि खीर खाऊन दुसऱ्या दिवशी परत जायची. त्या वर्षी एकटी आली, आणि बॅग मोठी होती. जयंती झाली, मिरवणूक झाली, मावशी झाडं आणायला गेल्या, झाडं आली, तरी सुजाता गेली नाही. कॉलनीत कुजबुज सुरू झाली. मला विचारायचा धीर होईना. शेवटी एका सकाळी मी पाण्याची बादली घेऊन उतरले, तर ती जास्वंदीपाशी बसलेली होती. तिनेच सांगितलं.

"मारत न्हाईत गं," ती म्हणाली. "तसं काहीच न्हाई. बोलत न्हाईत."

"कोण?"

"हे. दोन वर्षं झाली. मी समोर बसलेली असते आणि त्यांच्या आईला म्हणतात, तिला सांग शर्टला इस्त्री कर. तिला सांग, जेवायला वाढ. आधी मी भांडले. मग रडले. आता मलापण आवाज फुटंना झालाय. परवा दुकानात गेले तर दुकानदाराला काय पाहिजे ते सांगताच येईना."

लग्नाआधी ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिकडच्यांनी ते सोडायला लावलं होतं. हे सगळं ती मातीतल्या भुसकटाशी चाळा करत सांगत होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आता जाऊ नकोस."

"ते माझ्या हातात हाय का?" ती म्हणाली. "भाऊ पुण्याहून फोन करायलाय, तिला परत धाड म्हणून. आई काहीच बोलत न्हाई. काल फोनवर त्याला म्हणाली, मृग लागू दे, मग बघू."

मृग लागला की या घरात काय होतं ते सुजातालाही माहीत होतं आणि मलाही. ऑटो येते, आणि जे जिथून आलं ते तिथे परत जातं. त्या दिवसापासून त्या घरात आम्हा दोघींना एकच प्रश्न होता. सुजाता राहणार की जाणार?

मी मावशींकडून उत्तर काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. "सुजाता आल्यामुळे घर कसं भरल्यासारखं वाटतं," असं एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "कढीपत्त्याला मावा पडलाय, बघ." दुसऱ्यांदा मी सरळच विचारलं, "मावशी, सुजाताचं काय ठरवलंय?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुला कामून पाहिजे?" आता याला काय उत्तर द्यायचं? बांधकाम विभागाला माहितीस्तव, असं म्हणायचं?

बरं, लेकीशी वागणं म्हणाल तर तेही धड कळत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी जास्वंदीचं एक पान पिवळं दिसलं तर कासावीस होणारी बाई, पण लेकीला कधी जवळ घेतलेलं मी पाहिलं नाही. उलट पहाटे उठवायच्या, पाणी घालायला लावायच्या, भाजी आणायला बाजारात धाडायच्या आणि दुकानदाराशी भाव करून आण म्हणायच्या. मला वाटलं, लिंबासारखा लेकीलाही ताण देऊन बघायल्या की काय! पण तसंही म्हणवेना. कारण ती बाजारातून येईपर्यंत मावशी फाटकात उभ्या असायच्या, आणि ती दिसली की लगबगीने आत जाऊन काहीतरी करत असल्याचं सोंग करायच्या. मे महिना लागताना सुजाताने बिचकत सांगितलं, की जवळच्याच एका लॅबमध्ये माणूस हवा आहे, जाऊ का? मावशी म्हणाल्या, "डबा कोण करणार?" ती म्हणाली, "मी करीन." "मग मला कामून इचारायलीस?" झालं. एवढंच बोलणं.

मग एका रविवारी जावई आला. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते, त्यामुळे सगळं मला दिसलं. मुद्दाम ऐकत होते असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. माणूस दिसायला चांगला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मावशींनी त्याला पेरूच्या सावलीत खुर्ची दिली, लिंबाचं सरबत दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. सुजाता दाराच्या चौकटीला धरून उभी होती, त्याच्यापासून चार पावलांवर.

सरबत संपवून तो मावशींना म्हणाला, "तिला सांगा, बॅग भरायला. चारची गाडी हाय."

मावशी म्हणाल्या, "हितंच उभी हाय की. सांगा तुम्हीच."

तो हसला. "तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकती ती."

"समोर हाय माणूस. थेट बोला."

तो पुन्हा काहीतरी मावशींनाच म्हणायला लागला. तेव्हा त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, मी उभी नोकरी लोकांच्या लाईनी जोडल्या. आता रिटायर झाले. बोलायचं असंल तर तुम्ही बोला, मी मधी न्हाई."

मला वाटलं, आता तो बोलेल. नाव तरी घेईल. सुजाताही त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याने एक हाक मारली असती तर ती त्याच्याबरोबर गेलीही असती, असं मला आजही वाटतं. त्याने ग्लास खाली ठेवला, घड्याळ पाहिलं, आणि मावशींनाच म्हणाला, "बरं, मृगात येतो न्यायला."

आणि मावशी म्हणाल्या, "बरं."

मी वर हातात ओला टॉवेल घेऊन उभीच राहिले. बरं? बरं म्हणजे काय? इतकं खणखणीत बोलून शेवटी बरं? सुजाता आत निघून गेली. मावशींनी ग्लास उचलला, तळाशी राहिलेलं सरबत कुठल्याही झाडाला न घालता मोरीत ओतलं, आणि पाहुण्याला फाटकापर्यंत सोडून आल्या. त्या दुपारी मी त्यांच्यावर फार चिडले. वाटलं, ही बाई झाडांत राहून राहून माणसांतून उठली आहे. मृगाला महिनाही उरला नव्हता.

आणि मे संपत आला तेव्हा माझ्यावरच कुऱ्हाड कोसळली. मावशी एका संध्याकाळी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी वर येत नसत. दारातच उभं राहून म्हणाल्या, "पोरी, खोली रिकामी कर. हा महिना संपायच्या आत."

मला आधी कळलंच नाही. "माझं काही चुकलं का, मावशी?"

"न्हाई."

"मग?"

"खोली लागती."

"कुणाला?"

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरून गेल्या.

मी रात्रीची जेवले नाही. एवढे दिवस या बाईंच्या झाडांना डाळीचं पाणी पाजलं, आणि कारण सांगायचीसुद्धा पद्धत नाही? पहिल्यांदा वाटलं, अंगणात सावली कमी पडायली म्हणून माझ्या खोलीत आता जास्वंदी राहायला येणार. यांचं काही सांगता येत नाही! मग डोकं जरा थंड झाल्यावर वाटलं, घर विकायचं असेल. सकाळी सुजाताला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. तिला आईने काहीच सांगितलेलं नव्हतं.

"म्हणजे ठरलं," ती म्हणाली. "आई भावाकडं जाणार पुण्याला. घर विकायला काढायचं म्हणून तुला आधी उठवलं. आता मी."

"तू विचार ना त्यांना."

"मी इचारणार न्हाई," ती म्हणाली. "न्हाई म्हणाली तर?"

मी दुसऱ्या कॉलनीत खोली शोधली. मिळाली, पण हवेशीर नव्हती. त्या आठवड्यात मी वर सामान बांधत होते आणि सुजाता खाली बॅग भरत होती. सकाळी लॅबमध्ये जायची, संध्याकाळी येऊन दोन कपडे घड्या घालून आत ठेवायची. मावशी आपल्या रोजच्यासारख्या मातीत बोट खुपसून हिंडत होत्या. मला त्यांचा खरोखर तिटकारा आला होता.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कपाट उतरलं, गादी उतरली, भांड्यांची गोणी उतरली. सुजाता मला मदत करत होती. शेवटी मी खोलीला कुलूप लावलं आणि खाली येऊन चावी मावशींच्या पुढे धरली. चांगले चार शब्द बोलायचे नाहीत असं ठरवूनच आले होते. मावशींनी चावी घेतली, पदराने पुसली, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुजाताच्या हातात ठेवली.

"वरचं तुझं," त्या म्हणाल्या.

सुजाताने चावी उलटसुलट करून पाहिली.

"लॅबचा पगार झाला ना परवा? आता भाडं देशील. हिच्याकडून घ्यायचे तेवढंच घेणार, कमी न्हाई. जिना बाहेरून हाय, माझ्या घरातून जायचं काम न्हाई. डबा तुझा तू कर."

"आई," सुजाता म्हणाली. "म्हणजे मी जायचं न्हाई?"

"ते तू बघ. मृगात पाहुणे येतील न्यायला. तू खाली माझ्यात ऱ्हायलीस तर ते मला इचारतील. वर ऱ्हायलीस तर तुझ्या दारात येऊन तुला इचारावं लागंल. तोंडानं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू काय म्हणायचं ते तू म्हण. मी मधी न्हाई."

चावी मुठीत घट्ट धरून सुजाताने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिना चढायला लागली. दोन पायऱ्या चढून बसली, डोळे पुसले, उठून पुन्हा चढली. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि मग लावून घेतल्याचा.

माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, मला सांगितलं असतं तर मी आनंदाने खोली सोडली असती."

"म्हणून तर न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "मग ती तुझ्या उपकाराच्या खोलीत ऱ्हायली असती. रोज आठवण ऱ्हाती, की कुणीतरी आपल्यासाठी उठून गेलं. तसल्या घरात माणूस पाय वाजवत न्हाई. आता तू माझ्यावर रागावून चाललीस, ते बरं. राग काय, उतरतो."

एका बाईने मला घराबाहेर काढलं होतं, कारणासकट सांगितलं होतं, आणि मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. पडले नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी फाटकापर्यंत गेले आणि वळून पाहिलं.

मावशी जिन्याखाली उभ्या होत्या. एक हात कठड्यावर, पण पाय अजून पायरीवर ठेवलेला नव्हता. त्यांनी साडी नीट केली, मान वर केली, आणि शेजारणीच्या दाराशी जाऊन विचारावं तशा आवाजात विचारलं, "सुजाता, वर येऊ का गं?"

मावशी तशाच थांबून राहिल्या. मग आतून, रडून जड झालेल्या पण मोठ्या आवाजात, सुजाता म्हणाली, "ये, आई. थांब, कडी काढते."